खोडकर पुस्तक आणि लहान मूल



या व्यासपीठावर पंडित बोलतात, प्राध्यापक बोलतात, कवी बोलतात. तेथे आज कामगार संघटनेतला एक कार्यकर्ता उभा राहतो आणि किमान वेतन, बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधी यांविषयी बोलण्याऐवजी सहासात वर्षांच्या मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाविषयी बोलू लागतो, हे पाहून आपल्यापैकी काहींना ‘हा गृहस्थ वाट चुकला काय?’ असे वाटले असेल. आम्ही वाट चुकलेलो नाही. हा विषय आमच्याकडे रीतसर तक्रारीच्या रूपाने आला. तक्रार आली की ती लहान आहे की मोठी हे आधी ठरवायचे नाही, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मगच बोलायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. त्या नियमाने आम्ही या तक्रारीकडे पाहिले, आणि जे दिसले ते आपल्यापुढे ठेवायला आलो आहोत.

तक्रार अशी. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायांची संख्या हजारांनी मोजावी लागते, हे आपणांस ठाऊक आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत पुस्तकांचे एक कपाट आहे, आणि दर रविवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका या बायांच्या मुलांना गोष्टी सांगतात. त्यांनी एक परदेशी पुस्तक सांगायला घेतले. पुस्तक इंग्रजीत, सांगणे मराठीत, दर रविवारी एक प्रकरण. त्यातली नायिका नऊ वर्षांची. ती शाळेत जाते तेव्हा बाई तिला विचारतात, सात आणि पाच किती? ती म्हणते, तुम्हालाच ठाऊक नसेल तर माझ्याकडून करवून घेऊ नका! मुले खदखदून हसली. पुढच्याच आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीने हेच उत्तर आपल्या शाळेतल्या बाईंना दिले. बाई हसल्या नाहीत. आईला शाळेत बोलावणे आले, आणि तेही कारखान्याच्या शाखेत विड्या द्यायच्या वेळेला. विडीची मजुरी हजारावर मिळते. त्या दिवशीच्या हजार विड्या राहिल्या, म्हणजे त्या दिवसाची चूल राहिली. ती बाई कचेरीत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “अण्णा, तुमच्या गोष्टीनं माझी पोरगी उद्धट झाली, अन् माझा दिवस गेला. असली गोष्ट सांगता कशाला?”

श्रोतेहो, या प्रश्नाला तोंडदेखले उत्तर देऊन भागत नाही. आमच्या समितीत तेव्हाच दोन तट पडले. एक म्हणाला, गोष्ट बंद करा, मुलांना चांगले संस्कार देणारी पुस्तके थोडी का आहेत? दुसरा म्हणाला, एवढ्यातेवढ्यावरून पुस्तक बंद करायचे तर कपाटच बंद करावे लागेल. दोघांनाही आम्ही एकच विचारले, पुस्तक कोणी वाचले आहे? वाचले कोणीच नव्हते. पुस्तकांवरच्या बहुतेक भांडणांत हेच होते. तेव्हा आम्ही ते घरी नेले आणि शब्दकोश शेजारी ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले.

हे पुस्तक स्वीडनचे. नायिकेचे नाव पिप्पी, आणि आडनावाचा अर्थ आपल्या भाषेत ‘लांबमोजे’ असा होतो. लिहिणारी बाई आस्त्रिद लिंडग्रेन, जन्म १९०७, मृत्यू २००२. पुस्तकाचा जन्म कसा झाला तेही ऐकण्यासारखे आहे. १९४१ साली तिची सात वर्षांची मुलगी न्यूमोनियाने अंथरुणावर होती. ‘पिप्पी लांबमोजे हिची गोष्ट सांग’ म्हणून तिने आईकडे हट्ट धरला. नाव मुलीनेच तिथल्या तिथे रचले होते. नाव विचित्र, म्हणून आईने मुलगीही विचित्र केली. पुढे १९४४ साली बर्फावरून घसरून पाय दुखावला आणि बाईंना पडून राहावे लागले, तेव्हा त्यांनी त्या गोष्टी कागदावर उतरवल्या आणि मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला तिला भेट दिल्या. एक प्रत त्यांनी एका मोठ्या प्रकाशकाकडेही पाठवली. सोबतच्या पत्रात त्यांनी थट्टेने अशी आशा व्यक्त केली होती, की आपण बालकल्याण समितीला तरी कळवणार नाही. म्हणजे हे लिखाण वाचून ‘या बाईच्या हाती मुले ठेवावीत की नाही’ असा प्रश्न कोणाला पडेल, हे तिला पुरते ठाऊक होते. त्या प्रकाशकाने हस्तलिखित परत केले. बाईंनी ते पुन्हा हाताखालून काढले, काही भाग सौम्य केला, आणि १९४५ साली दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या स्पर्धेत धाडले. ती स्पर्धा सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांची होती. त्याला पहिले बक्षीस मिळाले आणि त्याच वर्षी पुस्तक छापले गेले. आज ते सत्तरांहून अधिक भाषांत गेले आहे.

पण सोलापुरातल्या आमच्या विडीकामगार भगिनीने जी तक्रार केली, ती तिच्या आधी एका प्रोफेसरानेही केली होती. १९४६ साली स्वीडनमधले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक जॉन लांडक्विस्ट यांनी एका मोठ्या वृत्तपत्रात या पुस्तकावर कडक टीका लिहिली. चहापानाला गेलेली कोणती धडधाकट मुलगी अख्खा केक एकटी फस्त करते आणि जमिनीवर साखर पसरून तीवर अनवाणी चालते, हा त्यांच्या आक्षेपाचा सूर होता. तेव्हा ही तक्रार अडाणीपणाची आहे असे कोणी म्हणू नये. विद्यापीठातला माणूस आणि विडीच्या सुपापुढे बसलेली आई, दोघांना एकच काळजी वाटली. काळजी खरी आहे, ती कशाविषयी आहे तेवढे नीट पाहिले पाहिजे.

आधी पुस्तकात काय आहे ते थोडक्यात सांगतो. पिप्पीची आई वारलेली, बाप दर्यावर्दी कप्तान, तो वादळात समुद्रात वाहून गेलेला. ती एका जुन्या घरात एकटी राहते. सोबतीला एक माकड आणि पडवीत बांधलेला एक घोडा. अंगात बळ एवढे, की घोडा उचलून बाजूला ठेवते. जवळ सोन्याच्या मोहरांनी भरलेली पेटी. शेजारी टॉमी आणि अन्निका ही दोन शहाणी, नखे न चावणारी भावंडे राहतात. पोलीस तिला अनाथालयात न्यायला येतात, तर ती त्यांना छपरावर चढवून शिडी काढून घेते. अशी अकरा प्रकरणे आहेत, आणि प्रत्येक एका बैठकीत संपणारे आहे.

आता आक्षेप एकेक घेऊ. पहिला आक्षेप उद्धटपणाचा. तो आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण उद्धटपणा कोणाशी, हे पाहणे हा आमच्या धंद्याचा दुसरा नियम. गल्लीत पाच पोरे मिळून एका एकट्या पोराला बडवत असतात. पिप्पी त्यांच्या म्होरक्याला उचलून झाडाच्या फांदीवर टांगते. रात्री दोन चोर मोहरा चोरायला येतात. ती त्यांना मारीत नाही, पोलिसांत देत नाही. रात्रभर आपल्याबरोबर नाचायला लावते, आणि सकाळी निघताना दोघांच्या हातावर एकेक मोहर ठेवून सांगते की ही तुमच्या कष्टाची कमाई आहे. आम्ही हे वाचले आणि पुस्तक मिटून थोडा वेळ हसत बसलो. रात्रपाळीचा मोबदला हातावर, तोही न मागता! असा मालक आमच्या तीस वर्षांच्या फिरण्यात आम्हाला भेटला नाही. पुस्तकभर तपासून पाहा. तिचे बळ दुबळ्यावर कोठेही चाललेले नाही. आगीत अडकलेल्या दोन लहान पोरांना ती वाचवते. आणि ज्या बाईंना तिने सात-पाचाचे ते उत्तर दिले, त्याच बाईंना ती निघताना एक सोन्याचे घड्याळ देते. बाई चांगल्या आहेत हे तिला कळते, बाकावर बसणे तेवढे जमत नाही. आमच्या मुलीने उत्तर उचलले, घड्याळ उचलले नाही. तेव्हा प्रकरण अर्धे सांगून थांबणाऱ्याची जबाबदारी येथे सुरू होते.

आणि तो चहापानाचा प्रसंग! प्रोफेसरसाहेबांना केक दिसला, साखर दिसली. आम्हाला त्याच पानावर दुसरे काही दिसले. त्या दिवाणखान्यात जमलेल्या प्रतिष्ठित बाया काय बोलत आहेत? आपापल्या मोलकरणींच्या कागाळ्या! मोलकरणी आळशी, मोलकरणी अस्वच्छ, चांगले माणूस मिळतच नाही. आणि ही पोर मध्येच घुसून आपल्या आजीच्या मोलकरणीच्या अशा काही अचाट थापा मारते, की त्या कागाळ्यांचे हसे होते. आमच्या श्रोत्यांत असे घर क्वचितच असेल जेथे हे संभाषण झालेले नाही. येथे मूल उद्धट आहे खरे. पण ज्यांच्या पाठीमागे हे बोलणे चालले आहे त्यांची बाजू घेणारे त्या खोलीत दुसरे कोण आहे? शेवटी यजमानीणबाई पिप्पीला सांगते, वागता येत नसेल तर पुन्हा येऊ नकोस. तेव्हा त्या बळकट पोरीच्या डोळ्यांत पाणी येते. आपल्याला वागायला जमणार नाही हे मला ठाऊकच होते, असे ती म्हणते. ज्यांना या पुस्तकात खोडीचा परिणाम दिसत नाही, त्यांनी हे पान पुन्हा वाचावे. तेथे शिक्षा आहे, आणि ती छडीहून अधिक लागणारी आहे.

दुसरा आक्षेप खोटे बोलण्याचा. पिप्पी थापा मारते, त्या अखंड मारते. इजिप्तमध्ये सगळे उलटे चालतात, आणि पलीकडच्या हिंदुस्थानात माणसे हातांवर चालतात, ही तिची पहिल्याच प्रकरणातली थाप. आमच्या शिक्षिकेने हे वाक्य सांगितले तेव्हा काय झाले म्हणता? सगळी पोरे एकदम ओरडली, “खोटं! खोटं! आम्ही कुठं हातांवर चालतो?” पुढच्याच घटकेला पिप्पी सांगते की काँगोमध्ये एकही माणूस खरे बोलत नाही. तेव्हा एक पोरगा विचार करून म्हणाला, “मग ते पण खोटंच असंल.” बंधुभगिनींनो, परक्या मुलखाविषयी कोणी छातीठोकपणे काही सांगितले तर ते तपासून घ्यावे, हा धडा पुस्तकाने शिकवला नाही. तो त्या पोराने आपल्या अनुभवावरून काढला. शिवाय अन्निका पिप्पीला तोंडावर सांगते की खोटे बोलणे वाईट, आणि पिप्पी ते कबूलही करते. थाप आणि लबाडी यांत फरक आहे. लबाडी दुसऱ्याच्या खिशातले काढून घेते. थाप सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची घटकाभर करमणूक करते, आणि दोघांनाही ती थाप आहे हे ठाऊक असते. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना हा फरक कळतो. ज्याला अजून कळत नाही त्याला हे पुस्तक वर्षभर थांबून द्यावे. वर्षभराने ते कोठे पळून जात नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगा हाच आहे. घोडा उचलण्याने कोणाचे मूल बिघडत नाही, कारण घोडा उचलता येत नाही. मुलाच्या हाताला लागण्यासारखे जे असते तेच धोक्याचे. पिप्पी माळ्यावर सापडलेले पिस्तूल झाडते. आमच्या वस्तीत पिस्तूल कोणाच्या माळ्यावर नसते, तेव्हा त्याची भीती आम्हाला वाटली नाही. पण सहलीला गेलेली पिप्पी रानात उगवलेली लाल अळंबी तोंडात टाकून पाहते, आणि तिला काही होत नाही. येथे आम्ही थबकलो. विडीकामगाराच्या घरात तंबाखूचे सूप जमिनीवर असते, आणि त्याच जमिनीवर रांगते पोर असते. सापडेल ते तोंडात घालून पाहू नये, हे त्या घरात जन्ममरणाचे शहाणपण आहे. म्हणून आमच्या शिक्षिकेने ते पान गाळले नाही, तेथे गोष्ट थांबवली. पिप्पी घोडा उचलते, तुम्ही उचलता का? नाही. मग तिने खाल्ले ते तुम्ही खाल का? मुलांनी उत्तर दिले, आणि मगच गोष्ट पुढे गेली. ध्यानात घ्या, एकच पान एका घरात निरुपद्रवी आणि दुसऱ्या घरात धोक्याचे असू शकते. ‘अमुक वयाला योग्य’ असा शिक्का मारणाऱ्याला आपले घर दिसत नाही. ते आपले आपणच पाहावे लागते.

चौथी गोष्ट स्वीडनच्या लोकांनाही नडली. पिप्पीचा बाप दक्षिण समुद्रातल्या बेटावर काळ्या लोकांचा राजा झाला आहे, असे तिचे म्हणणे. त्यासाठी मूळ पुस्तकात वापरलेला शब्द आज अपमानाचा मानला जातो. जर्मन आवृत्तीत तो २००९ साली बदलला, खुद्द स्वीडिश आवृत्तीत २०१५ साली, आणि आता तो नुसता ‘दक्षिण समुद्राचा राजा’ झाला आहे. या बदलावर तेथे मोठा वाद झाला. आम्हाला विचाराल तर शब्द बदलला हे बरे झाले. पण शब्द बदलला तरी एक गोरा कप्तान वाहत आला आणि बेटावरच्या लोकांनी त्याला लगेच राजा केला, ही कल्पना तशीच राहते. ज्यांच्या आजोबापणजोबांनी गोऱ्या साहेबाचे राज्य पाहिले, त्यांनी ही गोष्ट मुलांना सांगताना एवढे तरी विचारावे, की त्या बेटावरच्या लोकांना कोणी विचारले होते का?

आणि पाचवा आक्षेप आमचा स्वतःचा, तो प्रोफेसरांनी घेतलेला नाही. पिप्पी स्वतंत्र आहे, पण तिच्याजवळ मोहरांची पेटी आहे! तिने केक खाल्ला तर ती उद्या दहा केक विकत घेईल. आमच्या वस्तीतल्या मुलाने दुधाचे भांडे लवंडले तर त्या दिवशी चहा नाही. खोडीची किंमत सगळ्या घरांत सारखी नसते. सुखवस्तू घरातल्या मुलाची खोडी कौतुकाने सांगितली जाते, आणि तीच खोडी गरिबाच्या मुलाने केली की त्याला वळण नाही म्हणतात. ही गोष्ट विसरून ‘मुलांना खोड्या करू द्या हो’ असे सांगणारे पुष्कळ शिक्षणतज्ज्ञ आहेत. त्यांनी एकदा एका खोलीच्या घरात, चार माणसे आणि विड्यांचे सूप यांच्यामध्ये, पावसाळ्यातला एक दिवस काढून पाहावा. आमच्या तक्रारदार भगिनीचा राग खोडीवर नव्हताच, हे आम्हाला येथे उमगले. तिचा राग बुडालेल्या हजार विड्यांवर होता.

मग निष्कर्ष काय? गरिबाच्या मुलाला आज्ञाधारकपणाची पुस्तके आणि श्रीमंताच्या मुलाला खोडीची, अशी वाटणी करायची काय? ही वाटणी आम्हाला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते स्पष्ट सांगतो. यंत्राचे झाकण काढून ठेवलेले असते, मुकादम म्हणतो चालव, आणि माणूस चालवतो. का चालवतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. धोका त्याला आमच्यापेक्षा चांगला कळतो. पण मोठ्याने सांगितले की ऐकायचे, हे त्याच्या अंगी लहानपणापासून इतके मुरलेले असते, की ‘झाकण बसवा, मग चालवतो’ हे चार शब्द त्याच्या घशाबाहेर पडत नाहीत. बोटे गेल्यावर नुकसानभरपाईचे अर्ज आम्ही लिहितो. ते चार शब्द कोठे तरी लहानपणी शिकायला मिळायला हवे होते. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. संप खोडीने होत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत बोलू न लागणे, बहुमताने ठरले ते मानणे, यांशिवाय संघटना एक दिवस टिकत नाही. ‘नाही’ म्हणता येणे आणि शिस्त पाळता येणे, ही दोन्ही कसबे एकाच माणसात हवीत. मुलाच्या पुस्तकांच्या कपाटातही म्हणूनच दोन्ही हवीत.

आपल्याकडे ती आहेतही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ आपण सगळ्यांनी वाचली. त्यातला श्यामही काही कमी खोडकर नाही. पण तेथे प्रत्येक खोडीपाशी आई उभी आहे, आणि खोडीतून शहाणपण निघाल्याशिवाय रात्र संपत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून सुटतो तेव्हा आई घरी राहते आणि साहस पुढे जाते. तो जरा मोठ्या मुलांचा. पिप्पीजवळ आईच नाही. तिला झोपायला सांगणारे कोणी नाही, म्हणून ती स्वतःलाच आधी गोडीने सांगते, मग दटावून सांगते, आणि तरी ऐकले नाही तर स्वतःलाच मार द्यायचा असे ठरवते. श्यामला आई शिकवते, फेणेला प्रसंग शिकवतो, पिप्पीला स्वतःलाच स्वतःची आई व्हावे लागते. मुलाने तिघांनाही भेटावे. एकालाच भेटला तर त्याचा तोल जाईल, मग तो एक श्याम असला तरी.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या बाईंनी १९७८ साली जर्मनीत शांतता पारितोषिक स्वीकारताना भाषण केले, त्याचा विषयच मुलांना मारू नये हा होता. त्यात त्यांनी एका आईची हकीकत सांगितली. मुलाला शिक्षा करायची म्हणून तिने त्यालाच छडी शोधून आणायला पाठवले. मुलगा रडत आला, छडी मिळाली नाही, पण हा दगड मिळाला, हा तू मला मार, म्हणाला. मुलाला वाटले, आईला मला दुखवायचेच आहे, मग दगडानेही काम भागेल. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, स्वीडनने घरीदारी कोठेही मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली. असा कायदा करणारा तो पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या माराला बंदी आहे. घराचा उंबरठा त्या कायद्याने ओलांडलेला नाही. खोडकर पुस्तक लिहिणारी बाई आणि माराविरुद्ध बोलणारी बाई एकच होती. ज्या घरात खोडीला मार हेच उत्तर असते, तेथे खोडीचे पुस्तक देणे म्हणजे मुलाला माराच्या वाटेला लावणे होते. तेव्हा अशा घरात आधी पुस्तक न्यायचे की आधी आईबापांशी बोलायचे, हेही ठरवावे लागते.

आम्ही काय केले ते सांगतो. पुढच्या रविवारी आयांनाच बोलावले, विड्या देऊन झाल्यानंतरच्या वेळेला, आणि चहापानाचे प्रकरण त्यांच्यापुढे सांगायला लावले. त्यांतल्या काहीजणी दोन घरची धुणीभांडीही करतात. मोलकरणींच्या कागाळ्यांपाशी पिकलेला हशा आम्ही अजून विसरलो नाही. आमची तक्रारदार भगिनी मात्र हसली नाही. शेवटी तिने एकच विचारले, “त्या पोरीला रात्री जेवायला कोण वाढतं?” कोणी नाही, ती स्वतःच करून खाते, असे बाईंनी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग तिला बोलायला शिकवणार तरी कोण?” प्रोफेसरांपासून आमच्यापर्यंत कोणालाही न सुचलेली टीका तिने एका वाक्यात केली.

तिने मुलीला गोष्टीला पाठवायचे कबूल केले, पण अट घातली. गोष्टीतले बोलणे गोष्टीत, शाळेतले शाळेत, हे सांगणाऱ्या बाईंनीही मुलांना सांगावे, सगळे आईवर ढकलू नये. अट रास्त होती, मान्य झाली. आमच्या बाजूने आम्ही शाळेला विनंती केली, की आयांना बोलवायचे तर मजुरीची वेळ सोडून बोलवावे. तीही मान्य झाली. एका खोडकर पुस्तकाने एवढे काम केले, हे काही थोडे नव्हे.

तेव्हा ज्यांच्या घरी सहासात वर्षांचे मूल आहे आणि हाती असे एखादे पुस्तक आले आहे, त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. पुस्तक आधी स्वतः वाचा, सगळे वाचा. एका पानावरून पुस्तकाची परीक्षा करू नका, आणि दुसऱ्याच्या शिफारशीवरूनही करू नका. खोडी कोणाविरुद्ध आहे ते पाहा. दुबळ्याची, पांगळ्याची, गरिबाची टर उडवणारी खोडी असेल तर ते पुस्तक कितीही विनोदी असो, बाजूला ठेवा. आपल्या घरात हाताला लागेल असा कोणता धोका त्यात आहे ते शोधा आणि त्या पानापाशी थांबून बोला. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पुस्तक देऊन आपण कामाला लागू नका. या वयाला पुस्तक वाचून दाखवायचे असते, म्हणजे हसू आणि प्रश्न दोन्ही आपल्यासमोर येतात. मूल भित्रे, दबलेले असेल तर हे पुस्तक लवकर द्या. मूल आधीच दुसऱ्यांच्या अंगावर जाणारे असेल तर जरा उशिरा द्या. आणि मुलाने गोष्टीतले एखादे वाक्य घरात आपल्यावरच फेकले, तर हात उचलण्याआधी एवढे पाहा, की ते वाक्य निदान या खेपेला तरी खरे तर नाही ना?